मानसशास्त्राचा पेपर: अंदाज किती धरावा, ऑप्शनला काय टाकावं

परीक्षा जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच होतो: काय येईल? मानसशास्त्र घेतलेल्यांची गंमत अशी की, अंदाज बांधताना माणूस कुठे कुठे घसरतो हे त्यांच्याच पुस्तकात छापलेलं असतं, आणि तरी घसरायचं ते घसरतातच. या वेळची निवडक पत्रं आणि आमच्या सल्लागार शिक्षकांची उत्तरं.

प्रश्न: मी बारावीला सीबीएसईचं मानसशास्त्र घेतलं आहे. वर्गाच्या ग्रुपवर 'मोस्ट आयएमपी'ची यादी फिरते आहे. शेवटचे दोन धडे ऑप्शनला टाकले तरी चालतात, असं सगळे म्हणतात. टाकू का?
– विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर: टाकू नकोस. लेखी परीक्षेचे ७० गुण कोणत्या धड्याला किती, हे सीबीएसई अभ्यासक्रमातच छापते. उरलेले ३० प्रात्यक्षिकाचे. बुद्धिमत्तेचा पहिला धडा १३ गुणांचा, स्व आणि व्यक्तिमत्त्व १३, मानसिक विकार १२, ताणतणावाचा धडा ९, उपचारपद्धती ९, अभिवृत्ती ८ आणि गटप्रक्रिया ६. तू सोडायला निघालेले दोन धडे मिळून १४ गुण होतात, म्हणजे लेखी पेपराचा पाचवा हिस्सा. बोर्डाने जे उघड सांगितलंय त्याचा अंदाज कशाला बांधायचा? तुझ्या वर्षाचा अभ्यासक्रम उघडून हे आकडे एकदा ताडून घे आणि यादी बाजूला ठेव.

अंतर्गत पर्यायाच्या भरवशावरही राहू नकोस. पर्याय काही ठरावीक प्रश्नांनाच असतो, आणि 'किंवा'च्या अलीकडचा आणि पलीकडचा असे दोन्ही प्रश्न तू सोडलेल्या धड्यातले निघू शकतात.

वेळ खरंच कमी असेल तर आधी १३, १३ आणि १२ गुणांचे तीन धडे घे. तेवढ्यानेच ३८ गुण होतात, निम्म्याहून जास्त. त्यानंतर उपचारपद्धतीचा धडा विकारांच्या धड्याला लागूनच वाच. विकार डोक्यात ताजे असताना कोणता उपचार कशासाठी हे वेगळं पाठ करावं लागत नाही. उरलेल्या धड्यांत मात्र खोली कमी कर, धडा सोडू नकोस. अभिवृत्तीत तिचे तीन घटक, हायडरचा संतुलन सिद्धान्त, फेस्टिंगरची बोधात्मक विसंगती आणि एस. एम. मोहसिन यांची द्विपायरी संकल्पना एवढं स्वतःच्या शब्दांत सांगता आलं पाहिजे. गटप्रक्रियेत गट घडण्याचे टकमनने सांगितलेले पाच टप्पे, सामाजिक आळस आणि गट-ध्रुवीकरण. एकेका धड्याला एक संध्याकाळ पुरते. ६ गुणांच्या धड्यावर चार दिवस घालवणं जितकं चूक, तितकंच त्याला हातही न लावणं चूक.

प्रश्न: मुलीच्या क्लासमध्ये सांगतात, गेल्या वर्षी आलेला प्रश्न यंदा येत नाही आणि तीन वर्षं न आलेला हमखास येतो. यात तथ्य किती?
– पालक, कोल्हापूर

उत्तर: थोडंसं आहे, म्हणूनच ते फसवं आहे. नाणं सलग पाच वेळा छापा पडलं म्हणून सहाव्यांदा काटा पडायला बांधील नसतं. तसं वाटणं याला जुगाऱ्याचा भ्रम म्हणतात. पण पेपर काढणारा नाणं उडवत नसतो. काही वर्षांत मिळून सगळा अभ्यासक्रम विचारून व्हावा याकडे मंडळांचं लक्ष असतं, त्यामुळे बरेच दिवस न आलेला विषय जरा अधिक संभवतो, हे मान्य. अडचण अशी की हे 'जरा' म्हणजे किती, ते कुठेही छापलेलं नसतं. तोच विषय वेगळ्या रूपात लगेच पुढच्या वर्षी विचारायलाही कुणी बंदी केलेली नाही. गेल्या वर्षी सिद्धान्त मागितला, यंदा त्याच सिद्धान्तावर प्रसंग दिला, असं सर्रास होतं.

आता क्लासचा अंदाज बऱ्यापैकी चांगला आहे असं धरून चाला. एका घटकात मोठा प्रश्न येऊ शकेल असे १० विषय आहेत आणि मुलीने त्यांतले ४ पक्के केलेत. डोळे मिटून निवडले असते तर तिचा विषय लागण्याची शक्यता ४० टक्के. असे तीन घटक असतील तर तिन्हीकडे लागण्याची शक्यता ०.४ चा घन, म्हणजे ६.४ टक्के. अंदाजाच्या जोरावर ४० चे ५५ टक्के झाले असं मानलं, तरी तिन्हीकडे लागण्याची शक्यता १७ टक्क्यांच्या आतच राहते. कुठेतरी एका ठिकाणी हुकणार हे जवळपास ठरलेलं, आणि हुकलेला मोठा प्रश्न कोरा राहिला की बाकीच्या दोन ठिकाणची कमाई त्यात जाते.

'आमच्या यादीतले १० पैकी ७ आले' ही जाहिरात तपासायची सोपी रीत आहे. यादी परीक्षेच्या आदल्या दिवशी जशी आहे तशी जपून ठेवा. अभ्यासक्रमात एकूण किती मुद्दे आणि यादीत किती, ते मोजा. ४० पैकी २४ मुद्दे यादीत असतील तर निव्वळ योगायोगानेही १० पैकी ६ लागायला हवेत. ७ लागले यात मोठेपणा काय? शिवाय यादीतला मुद्दा 'स्मृती' एवढाच असेल तर तो लागलाच म्हणायचा, कारण स्मृतीवर काही ना काही येतंच. बर्ट्राम फोररने १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांना 'तुमचं व्यक्तिमत्त्व' म्हणून सगळ्यांना एकच मोघम वर्णन दिलं, तर त्यांनी ते अचूक असल्याबद्दल ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मोघम यादी अशीच प्रत्येकाला बरोबर वाटते.

आयर्लंडमध्ये शाळा संपतानाच्या लीव्हिंग सर्टिफिकेट परीक्षेवरून असा गदारोळ वर्षानुवर्षं चालायचा. मग ऑक्सफर्ड आणि बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाच्या अभ्यासकांनी सहा विषयांच्या परीक्षा तपासल्या, आणि एकंदरीत त्या चिंता करावी इतक्या ओळखता येण्याजोग्या नाहीत असं त्यांना आढळलं. पेपर ओळखता येतो हा समज खऱ्यापेक्षा मोठा असतो, तो असा.

प्रश्न: आम्ही इंग्लंडमध्ये असतो. मुलगा एक्यूए बोर्डाची ए-लेव्हल मानसशास्त्राची परीक्षा देणार आहे. यंदा अटॅचमेंट (बाळाचं पालकाशी जुळणारं भावनिक नातं) या भागात एन्सवर्थ या संशोधिकेचं कामच येणार, असं त्याच्या मित्रांचं ठाम मत आहे. त्याने १६ गुणांची आठ उत्तरं शब्दन् शब्द पाठ केली आहेत. हे पुरेल का?
– आई, रेडिंग

उत्तर: नाही पुरणार. आठ हा आकडा लहान आहे म्हणून नव्हे. उत्तरं पाठ केली आहेत, खरी अडचण तिथे आहे.

आधी परीक्षेचा सांगाडा पाहा. तीन पेपर, प्रत्येकी २ तास आणि ९६ गुण. पहिल्यात सामाजिक प्रभाव, स्मृती, अटॅचमेंट आणि मानसविकृती, प्रत्येकी २४, पर्याय नाही. दुसऱ्यात विचारप्रवाह २४, जैवमानसशास्त्र २४ आणि संशोधन पद्धती एकट्या ४८. तिसऱ्यात मुद्दे आणि वादविषय २४, शिवाय शाळेने निवडलेले तीन विषय प्रत्येकी २४. १२० मिनिटांत ९६ गुण म्हणजे गुणाला सव्वा मिनिट. १६ गुणांच्या उत्तराला २० मिनिटं मिळतात, त्याहून जास्त नाहीत.

आता त्या १६ गुणांच्या आत डोकावा. साधा 'चर्चा करा' प्रश्न असेल तर ६ गुण माहितीचे आणि १० मूल्यमापनाचे. पण त्याच प्रश्नाला वर चार ओळींचा प्रसंग जोडला आणि 'उत्तरात या प्रसंगाचा संदर्भ घ्या' म्हटलं, की वाटणी बदलते: ६ माहिती, ४ प्रसंगाला लावणं, ६ मूल्यमापन. पाठ केलेलं उत्तर पहिल्या साच्याचं असतं. मुलगा मूल्यमापनाचे चार-पाच लांब परिच्छेद ओततो, त्यांना मिळून ६ च्या वर काही मिळू शकत नाही, आणि प्रसंगातल्या मुलीचं नावही उत्तरात नसल्याने ते ४ गुण सरळ जातात. विषयाचा अंदाज बरोबर आला, तरी उत्तर चुकलं. परीक्षकांना हे दरवर्षी दिसतं.

म्हणून अंदाज करायचाच तर विषयाचा नको, अभ्यासक्रमाच्या शब्दांचा करा. बोर्डाच्या अभ्यासक्रमात ज्याचं नाव घेतलंय ते नाव घेऊन विचारता येतं. जे नावानिशी नाही, ते नावानिशी मागत नाहीत. प्रत्यक्षदर्शी साक्षीच्या भागात सूचक प्रश्न आणि घटनेनंतरची चर्चा यांची नावं आहेत, त्यांवर प्रयोग करणाऱ्या लॉफ्टसचं नाव नाही. म्हणजे 'सूचक प्रश्नांचा परिणाम सांगा' येऊ शकेल. लॉफ्टसचा प्रयोग पुरावा म्हणून वापरायचा, पण 'लॉफ्टसचा प्रयोग वर्णन करा' या धास्तीने रात्र जागवायची नाही. उलट अ‍ॅश, झिम्बार्डो, मिलग्रॅम, एन्सवर्थ यांची नावं आहेत, तेव्हा त्यांची तयारी हवीच. मित्र काहीही म्हणोत.

एक ओळ घेऊन बघू: कन्फर्मिटीवर (गटाच्या दबावाने गटासारखंच वागण्यावर) परिणाम करणारे घटक, म्हणजे गटाचा आकार, एकमत आणि कामाची कठीणता, अ‍ॅशने तपासल्याप्रमाणे. या एकाच ओळीतून काय काय निघतं? 'गटाच्या आकाराचा परिणाम थोडक्यात सांगा', म्हणजे आकडे: बनावट सहभागी (संशोधकाने आधीच पढवलेला, मुद्दाम चुकीचं उत्तर देणारा) एक असताना चुकीच्या उत्तराकडे झुकण्याचं प्रमाण ३.६ टक्के, दोन असताना १३.६, तीन असताना ३१.८, आणि त्यापुढे फारशी वाढ नाही. 'शाळेच्या समितीत एकटी मीरा गप्प का बसली' असा प्रसंग, म्हणजे एकमत: एक जरी बरोबर उत्तर देणारा साथीदार निघाला तरी प्रमाण ५.५ टक्क्यांवर येतं. 'अ‍ॅशच्या संशोधनाची एक मर्यादा लिहा', म्हणजे सगळे अमेरिकन पुरुष, १९५० चं दशक आणि रेषांची लांबी ओळखण्याचं कृत्रिम काम. हेच आकडे तक्त्यात देऊन आलेख काढायलाही सांगतील. ओळ एकच, पण तिचे निदान चार प्रश्न होतात. मुलाने आठ निबंधांऐवजी प्रत्येक ओळीखाली असे तीन-चार प्रश्न स्वतः लिहून काढावेत आणि त्यांना लागणारा कच्चा माल पाठ करावा: आकडे, व्याख्या, दोन टीका, दोन पुरावे.

जुन्या पेपरांबद्दलही सांगायला हवं. सध्याच्या रचनेचे ए-लेव्हल पेपर २०१७ पासूनचे आहेत. २०२० आणि २०२१ च्या उन्हाळी परीक्षा कोविडमुळे रद्द झाल्या. २०२२ ला कोणत्या भागांवर भर असेल हे बोर्डांनी फेब्रुवारीतच जाहीर केलं होतं. त्यामुळे 'कोणतं किती वर्षांनी आलं' असा तक्ता मांडला तर मध्येच भोकं पडतात आणि २०२२ ची ओळ वेगळी धरावी लागते. एवढ्या थोड्या पेपरांतून चक्र शोधणं म्हणजे ढगात आकृत्या बघणं. त्यातून सप्टेंबर २०२५ पासून सुधारित अभ्यासक्रम शिकवला जातो आहे आणि त्याची पहिली ए-लेव्हल परीक्षा २०२७ ला. मुलगा कोणत्या तुकडीतला आहे ते आधी बघा. जुन्या पेपरातला प्रश्न नव्या अभ्यासक्रमात बसतो का, हे ओळीशी ताडल्याशिवाय तो सोडवायला घेऊ नये.

प्रश्न: (याच घरातून मुलाचंही वेगळं पत्र आलं.) संशोधन पद्धतीत काय येणार हे ओळखता येतं का? तिथेच माझे गुण जातात.
– विद्यार्थी, रेडिंग

उत्तर: इथे अंदाज बांधायला आमची ना नाही, कारण इथे गोष्ट नवी असते पण कामं तीच. गृहीतक लिही, नमुना कसा निवडशील ते सांग, रचनेतला दोष दाखव, कोणती सांख्यिकी चाचणी लावशील आणि का, असा अभ्यास तू कसा आखशील. गृहीतकात चलं (ज्या गोष्टी बदलून वा मोजून बघायच्या त्या) मोजता येतील अशा भाषेत लिहिली नाहीत तर गुण कापले जातात, ही सगळ्यात जास्त होणारी चूक. 'झोपेचा स्मृतीवर परिणाम होतो' हे पुरत नाही. '८ तास झोपलेल्यांना ४ तास झोपलेल्यांपेक्षा २० पैकी जास्त शब्द आठवतात' असं हवं. शिवाय संपूर्ण परीक्षेत निदान १० टक्के गुण गणिताचे असतात.

आठ चाचण्या आहेत: चिन्ह चाचणी, विल्कॉक्सन, मॅन-व्हिटनी, संबंधित टी, असंबंधित टी, स्पिअरमन, पिअरसन आणि काय-वर्ग. निवड तीन प्रश्नांवर होते. फरक शोधतोयस की संबंध? तीच माणसं दोन्हीकडे आहेत की वेगळी? माहिती नामिक (नुसते गट), क्रमिक (क्रम लावता येणारी) की अंतराल (समान एककांत मोजलेली)? 'का' विचारलं की ही तिन्ही कारणं दिलेल्या अभ्यासातल्या शब्दांत लिही. 'कारण माहिती क्रमिक आहे' याला अर्धवट म्हणतात. 'कारण १ ते १० असा स्वतःच दिलेला ताणाचा आकडा क्रमिक आहे' हे पूर्ण.

हाताने करायला लागते ती चिन्ह चाचणी, तेव्हा ती एकदा नीट कर. १२ जणांचा ताण योगाआधी आणि योगानंतर मोजला. ९ जणांचा कमी झाला, २ जणांचा वाढला, एकाचा तेवढाच राहिला. जो तेवढाच राहिला त्याला वगळायचं, म्हणून एन (मोजणीत धरलेली माणसं) ११. कमी वेळा आलेलं चिन्ह मोजायचं, म्हणून एस २. तक्त्यात ०.०५ पातळीला एन ११ साठी एकदिश गृहीतकाची मर्यादा २ आहे, द्विदिश गृहीतकाची १. चिन्ह चाचणीत एस मर्यादेइतका किंवा कमी असावा लागतो. तेव्हा 'ताण कमी होईल' असं एकदिश गृहीतक असेल तर निकाल सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही असा. नुसतं 'फरक पडेल' असेल तर सार्थ नाही. आणि तो एक जण वगळायला विसरलास, एन १२ धरलंस, तर द्विदिश मर्यादा २ होते आणि निकाल चुकून सार्थ निघतो. एका माणसाने निष्कर्ष उलटतो.

मर्यादेपेक्षा जास्त हवं की कमी, यात गोंधळ होत असेल तर मुलं वापरतात ती युक्ती चालते: चाचणीच्या इंग्रजी नावात 'आर' हे अक्षर असेल तर आलेला आकडा मर्यादेइतका किंवा जास्त लागतो, नसेल तर तेवढाच किंवा कमी.

प्रश्न: मग मैत्रिणी मिळून प्रश्न काढणं बंदच करावं का? आम्ही चौघी दर रविवारी एकमेकींना 'हे येईल' म्हणून प्रश्न देतो.
– विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर: मुळीच नाही. तुम्ही करताय ते अंदाज म्हणून कुचकामी असेल, पण अभ्यास म्हणून उत्तम आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, वाचणाऱ्यांना ४२. आदल्या रात्री वाचून 'आलं सगळं' वाटतं ते का फसवं, हे या आकड्यांत आहे.

फक्त पद्धत थोडी बदला. पुस्तक मिटूनच प्रश्न काढा. चौघींचेही प्रश्न 'टीप लिहा' असेच होतात, बघा. म्हणून प्रत्येकीने सहा काढावेत: दोन व्याख्येचे, दोन फरकाचे, एक प्रसंगाचा, एक मूल्यमापनाचा. प्रसंगाचा प्रश्न काढणं सगळ्यात जड जातं आणि त्यातच धडा कळला की नाही ते उघडं पडतं. जिने प्रश्न काढला तिने सोडवायचा नाही. घड्याळ लावून लिहायचं, आणि तपासताना बोर्डाची गुणवाटणी समोर ठेवायची. मैत्रीत अर्धा-अर्धा गुण वाढत जातो. चुकलेले प्रश्न दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने विचारायचे. बरोबर आलेलेही महिन्यातून एकदा घ्यावेत.

प्रश्न: मी मानसशास्त्रात नेट (प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा) देतो आहे. कोणत्या घटकावर जास्त प्रश्न येतील?
– छत्रपती संभाजीनगर

उत्तर: दुसऱ्या पेपरात १० घटकांवर १०० प्रश्न, २०० गुण. इतक्या प्रश्नांत कोणताच घटक रिकामा जात नाही, तेव्हा घटक सोडायचा विचार नको. संशोधन पद्धती आणि सांख्यिकी, तसंच चाचणीशास्त्र हे घटक एम.ए.ला वरवर झालेले असतात, तिकडे आधी वेळ द्या. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून शेवटची दहा मिनिटं राखून ठेवा आणि एकही प्रश्न कोरा सोडू नका. चारांतला एक डोळे मिटून निवडला तर लागण्याची शक्यता २५ टक्के; दोन पर्याय खात्रीने खोडता आले तर ५०.